एकतीस चिमट्यांचं वाण

गुपित ठेवावं तर मी! हे मी स्वतःच्याच तोंडानं सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. आमच्या शेती अवजार संशोधन केंद्राच्या वर्कशॉपमध्ये मी तीस वर्षं फिटर आहे. या तीस वर्षांत कोणत्या साहेबांचं यंत्र ऐन चाचणीच्या दिवशी बंद पडलं, कोणत्या यंत्रानं शेंगा फोडायच्या ऐवजी थेट तेल काढलं, आणि कोणतं यंत्र पाहुण्यांच्या देखत ट्रॅक्टर सोडून एकटंच उताराला लागलं, हे सगळं माझ्या पोटात आहे. एक अक्षर बाहेर गेलेलं नाही!

म्हणून निकिता मॅडमनी जेव्हा विचारलं, "काका, ही गोष्ट गुप्त ठेवाल ना?" तेव्हा मला हसूच आलं.

"मॅडम," मी म्हणालो, "विहिरीत टाकलेला दगड एक वेळ वर येईल, पण माझ्या पोटातलं नाही!"

निकिता मॅडम आमच्या केंद्रातला तंत्रज्ञान हस्तांतरण कक्ष सांभाळतात. कक्षाची पाटी दारापेक्षा लांब आहे आणि आत मॅडम एकट्या. केंद्रात कुणी काही नवीन शोधलं, की त्याचं पेटंट घ्यायचं आणि ते बनवून विकायचा परवाना एखाद्या कारखान्याला द्यायचा, हे त्यांचं काम. पाटी लागून दोन वर्षं झाली होती आणि परवाना एकही गेला नव्हता. मॅडम रोज सगळ्या खोल्यांतून फिरून विचारायच्या, "काही शोधलंत का?" लोक आपले चष्मे नाहीतर किल्ल्या शोधत असायचे.

एका दुपारी त्या वर्कशॉपमध्ये आल्या. मी डबा संपवून शेंगा फोडत बसलो होतो.

"काका, हे काय आहे?"

"शेंगा आहेत मॅडम. घ्या ना."

"शेंगा नाही हो! हे हातातलं!"

हातातला होता चिमटा. बाभळीच्या लाकडाचे बोटभर लांबीचे दोन तुकडे, आतून खाच पाडलेली, आणि मागं दोन्हींना धरून ठेवणारी पोलादी पत्ती. शेंग खाचेत धरायची आणि दाबायची. टरफल फुटतं, पण दाण्याचं लाल साल खरचटत नाही. बियाण्याच्या शेंगेत हेच महत्त्वाचं. साल गेलेला दाणा उगवत नाही. म्हणून आमच्याकडं पेरणीच्या आधी बायका पोतंपोतं शेंगा हातानं फोडतात आणि आपले अंगठे सोलून घेतात. आमच्या केंद्रानं यासाठी आजवर चार यंत्रं बनवली. त्यातलं एक तर मी मघाशी सांगितलं ते, तेलाचं.

"हे कुणी शोधलं?" मॅडमनी विचारलं.

"आमच्या मंडळींनी. साळूनं. तिचा अंगठा पिकला होता. म्हणाली, तुमच्या पकडीसारखं काहीतरी करा, पण शेंगंला दुखायला नको. मी आपला इथल्या भंगारातली पत्ती घेतली आणि करून दिला."

"त्यांना भेटता येईल का?"

"नाही मॅडम. मागच्या आखाडात गेली ती. ताप आला, आणि आठ दिवसांत गेली."

मॅडम शेजारच्या स्टुलावर बसल्या. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "काका, शोधकर्ती म्हणून त्यांचंच नाव लागेल. माणूस गेलं तरी लागतं. वारस म्हणून सही तुम्ही करायची."

आता तुम्हाला खरं सांगतो. साळू गेल्यापासून दहा महिने मी एकच काम करत होतो, तिचं नाव काढायचं. रेशनकार्डावरून काढलं. मतदार यादीतून काढलं. गॅसच्या पुस्तकावरून काढलं, बँकेच्या खात्यातून काढलं. जाईन तिथं समोरचा म्हणायचा, इथं सही करा, नाव कमी होईल. आम्हाला मूलबाळ नाही, म्हणजे कुणाच्या नावाच्या आगेमागेही ती नाही. आणि इथं पहिल्यांदाच कुणीतरी कागद पुढं करून म्हणत होतं, तिचं नाव लिहा!

मी लिहिलं. साळूबाई कानिफनाथ औटी. असं ठळक लिहिलं, की खालच्या तीन कागदांवर उमटलं.

पुढं एक प्रश्न होता. हा शोध यापूर्वी संस्थेबाहेर कुणाला दाखवला, दिला किंवा विकला आहे काय?

"हे फार महत्त्वाचं आहे," मॅडम म्हणाल्या. "आधीच लोकांच्या हातात गेलेल्या वस्तूला पेटंट मिळत नाही. नीट आठवून सांगा."

मी जरासुद्धा आठवलं नाही. छाती पुढं काढून लिहिलं, "नाही!"

संध्याकाळी शीळ घालत घरी आलो. आमचं गाव सुप्यापासून सहा किलोमीटर आत. शेजारच्या झुंबरबाई ओट्यावर बसून बियाण्याच्या शेंगा फोडत होत्या. सूप भरत आलं होतं. मी म्हणालो, "काय वैनी, चाललंय का?" आणि माझी शीळ तोंडातच राहिली.

झुंबरबाईंच्या हातात चिमटा होता!

"वैनी, हे कुठलं?"

"कुठलं म्हंजी? साळूनं दिल्यालं."

"कधी?"

"गेल्या वर्साच्या संक्रांतीला. वाण दिलं न्हवं का तिनं!"

"तुम्हाला एकटीलाच ना?"

"येकटीला कसं? वाण काय चोरून देत्यात का भावजी? एकतीस बाया हुत्या. कुनी आरसा देतं, कुनी प्लास्टिकची डबी देतं. साळूनं ह्ये दिलं. गावात पयल्यांदा कुनीतरी कामाची वस्तू दिली!"

मी तिथंच ओट्यावर बसलो. एकतीस! संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घरात बाप्या माणूस नको म्हणून तिनं मला दुपारीच पारावर पिटाळलं होतं. पण एकतीस चिमटे आले कुठून? केले तर मीच असणार ना!

मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्याच्या आधीचं अख्खं वर्ष साळू दर आठ-दहा दिवसांनी मला म्हणायची, "अवं, चिमटा हरवला. दुसरा करा की." मी करून द्यायचो, पण फुकट नाही! बडबड करून द्यायचो. "तुझ्या हाताला भोक पडलंय का? उद्या मलाही कुठंतरी ठेवून विसरशील!" ती नुसती हसायची. एकदा तर मी इतका वैतागलो, की चिमट्याला लाल दोरी बांधून दिली. म्हटलं, गळ्यात घाल! आठव्या दिवशी दोरीसकट हरवला.

एकही हरवला नव्हता. सरळ एकतीस मागितले असते, तर मी म्हणालो असतो, येडी झालीस का? तिला ते माहीत होतं. म्हणून एकेक करून जमवले, आणि एकतीस वेळा माझी बोलणी खाल्ली.

रात्री जेवण गेलं नाही. पण सकाळी एक योजना तयार होती. चिमटे लोकांच्या हातात आहेत म्हणून अडचण आहे ना? मग ते लोकांच्या हातातून काढून घ्यायचे! एकतीस घरं, एक पिशवी, आठ दिवस. कुणाला काही सांगायचं नाही. गुपित ठेवावं तर मी!

सुरुवात झुंबरबाईंपासूनच केली. "वैनी, तो चिमटा जरा द्या बरं परत."

झुंबरबाईंनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जसं मी देवळातली घंटा मागितली. "वाण परत घेत्यात व्हय कुटं? डोकं ठिकानावर हाय का भावजी?"

"दुरुस्ती करायचीय."

"त्याला काय झालंय?"

काहीच झालं नव्हतं. मी केलेलं कधी बिघडत नाही, आणि पहिल्यांदाच मला त्याचं वाईट वाटलं. शेवटी झुंबरबाईंनी चिमटा पदरात गुंडाळला आणि आत निघून गेल्या.

पुढच्या घरी रुपाली होती. ही सून नवी, साळूच्या हाताखाली पापड शिकलेली. तिच्या दारामागच्या खिळ्याला चिमटा लटकत होता. लाल दोरी!

"ह्यो मी न्हाई द्यायची, कानिफतात्या," ती म्हणाली. "काकू म्हनल्या हुत्या, ह्या दोरीत मालकाचा लई राग गुंफलाय, जपून वापर!"

पाणी पिऊन बाहेर आलो.

पण काही बायका भिडस्त असतात. त्यांनी दिले. चार दिवसांत पिशवीत नऊ चिमटे जमले, आणि गावात नऊशे गोष्टी! पहिल्या दिवशी लोक म्हणाले, कानिफतात्या दुरुस्ती करतोय. दुसऱ्या दिवशी म्हणाले, चिमट्यातली पत्ती विषारी निघाली. एका सासूनं तर सुनेला दवाखान्यात नेऊन अंगठा तपासून आणला! तिसऱ्या दिवशी म्हणाले, साळू तात्याच्या स्वप्नात येते आणि म्हणते, माझं वाण आणून दे. त्या दिवशी मला दोन चिमट्यांबरोबर नारळही मिळाले. आणि चौथ्या दिवशी गावानं शेवटचा निकाल लावला. कानिफतात्या दुसरं लग्न करतोय! नवी बाई म्हणते, आधीच्या बायकोची खूण गावात कुठं दिसता कामा नये!

पाचव्या दिवशी मेव्हणा दारात. बन्सी साळूचा धाकटा भाऊ. सुप्याच्या एमआयडीसीत कामाला आहे. बातमी त्याला कंपनीच्या बसमध्ये कळली होती. गाडी स्टँडवर लावायचंही त्याला सुचलं नाही. तशीच भिंतीला टेकवली.

"दाजी, माझी बहीन जाऊन वरीस झालं न्हाई!"

"अरे, तसं काही नाही बन्सी."

"मग चिमटं कशाला गोळा करताय?"

"ते सांगता येत नाही."

"म्हंजी ठरलं तर!"

"काही ठरलं नाही!"

"पोरगी कुठली?"

"अरे, कसली पोरगी? कागदपत्रांचं काम आहे!"

"कागदपत्रं झाली? म्हंजी कोर्टात करताय?"

मी कपाळाला हात लावला. चुलीवर भाकरी होती, ती करपायला लागली. मी पळत जाऊन उलटली. बन्सी दारात उभा राहून बघत होता. मग एकदम त्याचा आवाज खाली आला.

"दाजी, तुमी असं येकटं भाकऱ्या थापता, त्ये मला बी बघवत न्हाई. करा लगीन. मी स्वतः पुढं हुईन. पर ताईनं दिल्यालं वाण गोळा करून दुसऱ्या बाईच्या वटीत घालू नका. तेवढं नका करू."

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. पण मॅडमना शब्द दिला होता. मी त्याला करपलेली भाकरी वाढली. त्यानं मुकाट खाल्ली. गावात बातमी गेली, की मेव्हण्यानं होकार दिला!

आणि रविवारी सकाळी दारात मोटार थांबली.

आधी राधाकृष्ण शेठ उतरले. त्यांचा सुप्याला शेतीची छोटी हत्यारं बनवायचा कारखाना आहे. चिमटा त्यांना पसंत पडला होता, आणि परवान्याचं बोलणं करायच्या आधी तो जिथं तयार झाला ते घर त्यांना बघायचं होतं. त्यांच्या हातात फाईल होती. मागून निकिता मॅडम उतरल्या. आता योग बघा! मॅडमना तिथून पुढं नात्यातल्या साखरपुड्याला जायचं होतं, म्हणून अंगावर पैठणी. आणि केंद्राचा पहिला परवाना जाणार म्हणून हातात पेढे!

मोटारीचं दार लागायच्या आत समोरच्या भिंतीवर अकरा डोकी उगवली.

मी पाहुण्यांना बसवून चहा ठेवतोय, तोवर अंगणात बायकाच बायका. सगळ्यांत पुढं झुंबरबाई. त्या तडक आत आल्या आणि मॅडमच्या समोर बसल्या.

"बाई, तुमी शिकल्या-सवरल्याल्या दिसता," झुंबरबाई म्हणाल्या. "ह्यो मानूस वंगाळ न्हाई. भाजीत मीठ टाकायचं इसरतो, झोपेत घोरतो, त्ये भिंतीपल्याड आमाला ऐकू येतं. पर मनानं चांगला. तुमी सुखानं ऱ्हावा. आमचं कायबी म्हननं न्हाई."

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी चहाकडं पाहिलं. चहा उतू गेला.

"पर येक सांगते," झुंबरबाईंचा आवाज कापला. "आमच्या साळूचं तुमाला घरात काय नको आसंल तर ठेवू नका. पर आमच्या घरातनं कशाला नेता? तिनं आमाला दिल्यालं हाय. बघा की, तुमाला काय त्रास हाय ह्याचा?"

असं म्हणून त्यांनी कमरेचा चिमटा काढून मॅडमच्या समोर ठेवला. मागून रुपालीनं लाल दोरीचा काढला. मग अंगणातून एकेक हात वर आला. कुणी कमरेचा, कुणी पिशवीतला, कुणी पदराच्या गाठीतला. बावीस चिमटे! आणि उरलेले नऊ माझ्या पिशवीत, मॅडमच्या खुर्चीखाली.

शेठनी हातातली फाईल बंद केली. मॅडमनी चष्मा काढला.

"काका, तुम्ही म्हणाला होतात, बाहेर कुणी पाहिलेलं नाही."

"यांनी नुसतं पाहिलेलं नाही मॅडम," मी म्हणालो. "वापरलंय."

"कधीपासून?"

"दोन उन्हाळे."

मग सगळं सांगावं लागलं. हरवलेले चिमटे, वाण, पिशवी, सगळं. इतक्या लोकांसमोर मी आयुष्यात पहिल्यांदाच एवढं बोललो. लग्नाचं ऐकून मॅडमना इतकं हसू आलं, की पेढ्यांचा बॉक्स मांडीवरून घसरला. झुंबरबाईंनी मात्र माझ्याकडं बघून कपाळावर हात मारला. "अवं, मग तोंडानं बोलायचं न्हाई व्हय? मी चार दीस रडतेय!"

"पण काका," मॅडम म्हणाल्या, "गोळा करून काय उपयोग होता? दोन उन्हाळे गावानं वापरलेली गोष्ट पिशवीत घातली, म्हणून नवी होत नाही. आणि तसं लपवून अर्ज केला असता, तर ते खोटं झालं असतं. पेटंट नाही मिळणार आता."

मी मान हलवली. मला त्या कागदाचं काही वाटत नव्हतं. त्यावरच्या एका ओळीचं वाटत होतं. म्हटलं, चला, आणखी एका ठिकाणावरून नाव कमी झालं. फरक एवढाच, की या वेळी सही न करता.

शेठ उठले. आता निघणार असं वाटलं. पण ते दाराकडं जायच्या ऐवजी खाली घोंगडीवर बसले आणि रुपालीला म्हणाले, "ताई, जरा फोडून दाखवा बरं."

रुपालीनं सूप ओढलं. कटकटकटकट! शेठना डोळ्यांनी मोजता येईना.

"आतापर्यंत किती तुटले?"

"येक बी न्हाई," एक बाई म्हणाली. "माझा तर दोनदा बैलाच्या पायाखाली गेल्ता."

"आणि याला तुम्ही म्हणता काय?"

बायकांनी एकमेकींकडं बघून पदर तोंडाला लावले. मग रुपाली हळूच म्हणाली, "साळू."

"म्हणजे?"

"म्हंजी साळूच. साळू कुटं ठिवली? साळू दिवळीत हाय. माझी साळू गावंना, तुझी दे घटकाभर. आसं."

मला हे माहीत नव्हतं. दहा महिने माझ्या घरात ते नाव कुणी घेतलं नव्हतं. मी एकटा, कुणाला हाक मारणार? आणि भिंतीपलीकडं, गल्लीत, मळ्यात, एकतीस घरांत रोज तिचं नाव चाललं होतं. मी चहाचं पातेलं घासायला म्हणून मोरीत गेलो. पातेलं बराच वेळ घासलं.

बाहेर आलो तेव्हा शेठ आणि मॅडम बोलत होते.

"दोन उन्हाळे, एकतीस घरं आणि तक्रार एक नाही," शेठ म्हणत होते. "अशी चाचणी तुमच्या केंद्रात कधी झालीय का मॅडम? पण पेटंट नसलं, तर शेजारचा कारखाना उद्या नक्कल करणार."

"लाकूड करेल. पत्ती जमायची नाही," मॅडम म्हणाल्या आणि माझ्याकडं वळल्या. "काका, पत्तीला पाणी कसं देता? किती तापवता, कशात बुडवता? हे तरी कुणाला सांगितलंय का? या वेळी नीट आठवा!"

मी या वेळी नीट आठवलं. पुरती दोन मिनिटं आठवलं.

"कुणालाच नाही मॅडम. साळूलासुद्धा नाही!"

"मग त्या कृतीचा आणि मापांचा परवाना देता येईल. आणि वस्तूचं नाव संस्थेतर्फे नोंदवता येईल. ते नाव दुसऱ्या कुणाला लावता येणार नाही."

"नाव कोणतं?" मी विचारलं.

"आहे तेच," शेठ म्हणाले. "नवीन कशाला शोधायचं?"

पेढे तिथंच फुटले. मेव्हण्याला फोन केला, तर तो म्हणाला, "म्हंजी लगीन मोडलं का दाजी?" त्याला अजून नीट कळलेलं नाही.

नऊ चिमटे मी स्वतः घरोघरी परत दिले. प्रत्येक घरी हळदीकुंकवाचं बोट लावून घेतले त्यांनी, जसं काही साळूच पुन्हा देऊन गेली. माझ्याजवळचा पहिला चिमटा केंद्राच्या काचेच्या कपाटात गेला. त्यामुळं गंमत अशी झाली, की सगळ्या गावात चिमटा नव्हता तो एकट्या माझ्याकडं!

दिवाळीच्या सुमारास पारनेरला बाजाराला गेलो, तर एका दुकानात पुढंच टांगलेला. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत साळू. मी दुकानदाराला काही सांगितलं नाही. गुपित ठेवावं तर... असो. एक काढायला सांगितला आणि ऐटीत हातात धरला.

"उलटा धरला काका," दुकानदार म्हणाला. "खाच आपल्याकडं पायजे. बाप्या मानसांना न्हाई कळत त्ये. घरी मावशींना द्या, त्यांना बरूबर जमंल."

"होय," मी म्हणालो. "तिला बरोबर जमतं."

घरी येऊन त्यानं सांगितला तसा धरून पाहिला. शेंग अशी अलगद फुटली, की अंगठ्याला कळलंसुद्धा नाही. एवढे चिमटे मी माझ्या हातानं केले राव, आणि कसा धरायचा ते मला पारनेरच्या दुकानात कळलं! साळूनं मला रोज उलटा धरताना बघितलं असणार. एका शब्दानं बोलली नाही. गुपित ठेवावं तर तिनं!